साध्या मजकुरातला मसुदा

कार्यालयातले मसुदे मी साध्या मजकुरात, म्हणजे फॉन्ट-रंगांशिवाय, नुसत्या अक्षरांत आणि थोड्या खुणा घालून लिहिते. या रीतीचे मूळ शोधताना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जन्मकथेतला एक तपशील मला फार आवडतो. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींना नवा संगणक हवा होता, पण नुसती ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे म्हणून तो मिळण्याची चिन्हे नव्हती. मग त्यांनी कागदपत्रे तयार करणारी प्रणाली बनवून देऊ असे सांगितले आणि पीडीपी-११ हा संगणक मिळवला. १९७१ च्या उत्तरार्धात कंपनीच्या पेटंट विभागातले तीन टंकलेखक त्या यंत्रावर दिवसभर अर्ज टाइप करत, दुरुस्त करत, छापून घेत. आणि युनिक्सचे कर्ते केन टॉम्पसन, डेनिस रिची यांचे स्वतःचे कामही त्याच यंत्रावर चाले. टंकलेखक वापरत होते ती पद्धत साधी होती. मजकूर सरळ टाइप करायचा. परिच्छेद तोडायचा किंवा समास सोडायचा असेल तिथे वेगळ्या ओळीवर टिंबाने सुरू होणारी छोटी सूचना लिहायची. पान कसे दिसेल ते रॉफ नावाचा प्रोग्रॅम नंतर बघे. कल्पना त्याच्याही आधीची होती. जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये एमआयटीत लिहिलेल्या रनऑफमध्ये ती सापडते.

दुसरा धागा आयबीएमचा. तिथे १९६९ साली चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी जीएमएल ही मार्कअप भाषा, म्हणजे मजकुरातच खुणा घालून त्याची रचना सांगणारी भाषा, घडवली. ते काम निघाले होते वकिलांच्या कार्यालयातल्या दस्तऐवजांसाठी, आणि गोल्डफार्ब स्वतः वकिलीतून संगणकाकडे आलेले. त्या भाषेतून पुढे एसजीएमएल आली, १९८६ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि वेबची एचटीएमएल त्याच घराण्यातली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, मार्कडाउनसारख्या हलक्या मार्कअप भाषांचे नाव काढले की कार्यालयातली माणसे लगेच म्हणतात, ‘ते प्रोग्रॅमर लोकांचे.’ माझे प्रोग्रॅमिंगशी नाते नाही. माझी नोकरी म्हणजे प्रस्ताव, करारांचे मसुदे, बैठकांची इतिवृत्ते, तिमाही अहवाल, कार्यपद्धतीच्या पुस्तिका. हे सगळे मी गेली काही वर्षे साध्या मजकुरात लिहिते आहे, आणि मला ते उसने वाटत नाही. मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे ठेवण्याची ही रीत टंकलेखकाच्या आणि वकिलाच्या टेबलावरच वाढली.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच:

# देखभाल सेवेचा प्रस्ताव

## कामाची व्याप्ती

पुरवठादार सहा महिने देखभाल करील. त्यात पुढील कामे येतील:

- यंत्रांची बसवणी
- चाचणी
- कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

ओळीच्या सुरुवातीची # ही खूण म्हणजे शीर्षक, तशा दोन खुणा म्हणजे उपशीर्षक, आडवी रेघ म्हणजे यादीतला मुद्दा, दोन्ही बाजूंना ताऱ्यांची जोडी म्हणजे ठळक अक्षर. मार्कडाउनचा मोठा भाग इथेच संपला. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आरन स्वार्ट्झ यांचाही तिच्या घडणीत हात होता. साध्या मजकुरातल्या ईमेलमध्ये लोक आपोआप ज्या खुणा वापरत होते त्यांवरून तिची बरीचशी बेतणी झाली. वरचा मजकूर कोणतीही प्रक्रिया न करता तसाच पाठवला तरी वाचणाऱ्याला कळतो, याला मी या भाषेचा सर्वांत मोठा गुण मानते.

कार्यालयातला लेखनाचा वेळ कुठे जातो, याकडे कुणी नीट पाहत नाही. वाक्ये लिहायला फारसा लागत नाही. तो जातो क्रमांक सरळ करण्यात. चौथ्या कलमाच्या आधी एक कलम घातले की पुढचे सगळे हलतात, आणि ‘कलम ७.३ पाहा’ असे हाताने लिहिलेले संदर्भ जागच्या जागी खोटे ठरतात. दुसऱ्या फाइलमधून एक परिच्छेद आणून चिकटवला की तो आपला फॉन्ट, आपल्या ओळींमधले अंतर, आपला रंग घेऊन येतो. तक्ता अर्ध्यात तुटतो. मग आपण विचार सोडून त्या तक्त्याच्या मागे लागतो, आणि परत आल्यावर ते वाक्य कुठे चालले होते हेच आठवत नाही. पान जसे छापले जाईल तसेच पडद्यावर दाखवणारा संपादन-प्रोग्रॅम १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ब्राव्हो या नावाने तयार झाला. तो बनवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आले. ती मोठीच सोय होती, तिचे मोल मी कमी करणार नाही. पण त्या सोयीबरोबर पानाच्या दिसण्याची जबाबदारी प्रत्येक लिहिणाऱ्यावर, प्रत्येक क्षणी येऊन पडली. वर्डमध्ये ‘स्टाइल्स’ आहेत, त्या शिस्तीने वापरल्या तर क्रमांकांचा आणि शीर्षकांचा प्रश्न तिथेही सुटतो. अडचण ही की तिथे शिस्त ऐच्छिक असते. दहा जणांच्या हातांतून जाणाऱ्या फाइलमध्ये एकाने जरी शीर्षक नुसते अक्षर मोठे करून बनवले तरी अनुक्रमणिका लंगडी होते. साध्या मजकुरात अक्षर मोठे करण्याचा मार्गच नाही. शीर्षक करायचे तर ते शीर्षक आहे असे सांगावेच लागते.

याचा विचारावर होणारा परिणाम मला आधी इतिवृत्तांत दिसला. इतिवृत्त हा तसा दुर्लक्षित प्रकार. पूर्वी मी बैठकीत टिपणे घ्यायची आणि नंतर बसून कंपनीच्या नमुन्यात ती ‘छान’ करायची. चौकटी, रेघा, वर बोधचिन्ह. नमुन्यात भरलेले इतिवृत्त पूर्ण झालेले दिसते, आणि तिथेच घोळ असतो. आता बैठक चालू असतानाच मी विषयाला एक शीर्षक देते, खाली निर्णय, त्याखाली कुणी करायचे आणि कधीपर्यंत. बस. बैठक उठायच्या आत ते पडद्यावर सगळ्यांना दिसते. एखाद्या विषयाखाली पाऊण तास चर्चा झाली आणि निर्णयाची ओळ रिकामी आहे, हे तिथल्या तिथे उघडे पडते. सजवायला काहीच नसल्यामुळे पोकळ जागा झाकली जात नाही. ‘या बाबतीत योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य चौकटीत बसवले की भारदस्त दिसते. साध्या ओळीत, नावाशिवाय आणि तारखेशिवाय, ते तसे दिसत नाही. वरिष्ठच मग विचारतात, ‘कोण करणार आहे हे?’

प्रस्तावांच्या बाबतीतही हेच. आधी फक्त शीर्षके लिहून काढायची आणि त्यांच्याकडे थोडा वेळ बघायचे, ही सवय मला या पद्धतीने लावली. ‘पार्श्वभूमी’ या एका मथळ्याखाली किती पाने जाणार आहेत आणि ‘ग्राहकाला काय मिळेल’ याखाली किती ओळी, ते मसुद्याच्या पहिल्याच दिवशी समजते. मग पार्श्वभूमी कापावी लागते.

पण खरे सोने आहे ते करारांच्या मसुद्यांत, आणि त्यासाठी ओळी तोडण्याची एक सवय लागते. ब्रायन कर्निघन यांनी युनिक्सच्या नवशिक्यांसाठी १९७४ च्या सुमारास लिहिलेल्या मार्गदर्शिकेत सल्ला दिला होता की, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, लांब वाक्य अर्थाच्या सांध्यावर तोडा; कारण कागदपत्रे पुन्हा पुन्हा बदलली जातात आणि बदल करणे त्यामुळे सोपे जाते. मार्कडाउनमध्ये मधली एकटी ओळ तोडली तरी छापील परिच्छेद अखंडच राहतो, नवा परिच्छेद हवा असेल तर एक ओळ रिकामी सोडावी लागते. म्हणजे लिहिणाऱ्याला हव्या तशा ओळी आणि वाचणाऱ्याला सलग परिच्छेद, दोन्ही साधते. करारात या सवयीचा एक उपफायदा असा की, वाक्य अवास्तव लांब झाले तर ते डोळ्यांना लगेच खुपते. पाच उपवाक्यांचे कलम ओळीत मावत नाही. ते तोडताना कळते की त्यातल्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

आणि वाक्यागणिक ओळ असली की दोन मसुद्यांतला फरक ओळीगणिक दिसतो. डिफ हे साधन डग्लस मॅकिलरॉय यांचे, युनिक्सच्या १९७४ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आले. ते दोन मजकूर ओळीला ओळ लावून ताडते. समोरच्या पक्षाकडून सुधारून आलेल्या एका सेवा-कराराच्या मसुद्यात त्याने मला हे दाखवले (वजा म्हणजे जुनी ओळ, अधिक म्हणजे नवी):

− करार संपवायचा असल्यास ३० दिवस आधी लेखी सूचना द्यावी.
+ करार संपवायचा असल्यास १५ दिवस आधी सूचना द्यावी.

तीसचे पंधरा झाले हे सोबतच्या पत्रात लिहिले होते, त्यावर बोलणेही झाले होते. ‘लेखी’ हा शब्द गेल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. कुणी मुद्दाम काढला असे मी म्हणणार नाही, वाक्य पुन्हा टाइप करताना शब्द गळतात. पण वाद झाला असता तर सगळा डोलारा त्याच शब्दावर उभा राहिला असता. फोनवर सांगितले होते, असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने नाकारायचे. वर्डमध्येही दोन फाइली ताडून बघण्याची सोय आहे, आणि ट्रॅक चेंजेस तर सगळे वापरतात. मात्र ट्रॅक चेंजेस कुणीतरी चालू ठेवले असतील तेवढ्याच बदलांची साक्ष देते, आणि ताडणीत फॉन्टचे, अंतराचे बदलही शब्दांच्या बदलांबरोबर रांगेत उभे राहतात. साध्या मजकुरात बदल म्हणजे शब्दांचाच बदल, दुसरे काही बदलायला जागाच नाही. दीर्घ करार रात्री उशिरा डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या कुणालाही विचारा, या खात्रीची किंमत काय ते.

या मसुद्यांचा इतिहास मी गिटमध्ये ठेवते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलेले हे बदलांची नोंद ठेवणारे साधन कलमांनाही तितकेच जपते. नुकसानभरपाईची मर्यादा कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून बदलली, हे वर्षभराने विचारले तर उत्तर तिथे असते, बदलाबरोबर लिहिलेल्या एका ओळीच्या कारणासकट. ती ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये.

पुनर्वापराबद्दल थोडक्यात. प्रत्येक कार्यालयात गोपनीयतेचे, देयकाचे, वादनिवारणाचे कलम एकसारखे असते आणि प्रत्येक जण ते कुठल्या तरी जुन्या फाइलमधून उचलतो. जुनी फाइल जुनीच असते. अॅस्कीडॉक या भाषेत, जी स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये आणली, एक फाइल दुसरीत जशीच्या तशी ओढून घेता येते. गोपनीयतेचे कलम एका जागी ठेवायचे, करारांनी ते तिथून घ्यायचे. पक्षाचे नाव, कालावधी, रक्कम अशा गोष्टी वरती एकदा लिहायच्या आणि मजकुरात त्यांची नावे वापरायची. कलमांचे संदर्भही क्रमांकाऐवजी कलमाला दिलेल्या नावाशी जोडायचे. क्रमांक यंत्र भरते, आणि मध्ये नवे कलम आले तर सगळे संदर्भ आपोआप सरकतात. मोठ्या करारांसाठी आणि पुस्तिकांसाठी म्हणूनच मी अॅस्कीडॉक निवडते. इतिवृत्त, टिपण, छोटा प्रस्ताव यांना मार्कडाउन पुरते. डेव्हिड गुजर यांची रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही भाषा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांमुळे मान्यता पावली, तिचे नियम काटेकोर आहेत, पण कार्यालयात ती शिकवणे मला जड गेले. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये सुरू केलेला ऑर्ग-मोड एकट्याने काम करणाऱ्याला अतिशय प्रिय होईल. मात्र तो ईमॅक्स या संपादन-प्रोग्रॅमचा सोबती आहे, आणि ईमॅक्स सगळ्या विभागाच्या गळी उतरवणे शहाणपणाचे नाही.

साध्या मजकुराची फाइल कुणा ग्राहकाला पाठवायची नसते, हे मी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते. त्याला हवे असते वर्ड किंवा पीडीएफ, आणि ते त्याला मिळाले पाहिजे. तिथे पॅनडॉक येते. जॉन मॅकफारलेन हे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी २००६ मध्ये हे रूपांतराचे साधन प्रसिद्ध केले आणि कित्येक प्रकारच्या फाइली ते एकमेकींत बदलते. त्याला संस्थेच्या शैलीची एक नमुना वर्ड फाइल दाखवून ठेवायची. बोधचिन्ह, शीर्षकांचे फॉन्ट, समास, पानांचे क्रमांक सगळे त्या नमुन्यातून येते. नमुना एकदाच, शांतपणे, ज्याला दृष्टी आहे अशा माणसाकडून करून घ्यावा. त्यानंतर संस्थेतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद एकाच चेहऱ्याचा असतो, तो लिहिणारा कुणीही असो. संस्थेची शैली बदलली की नमुना बदलायचा आणि मसुदे पुन्हा काढायचे. मजकुराला हात लागत नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या न सांगता कुणाला या वाटेला लावणे अन्यायाचे होईल. मार्कडाउनच्या मूळ रूपात तक्तेच नव्हते; ते पुढच्या आवृत्त्यांनी जोडले, आणि जो तो आपापल्या परीने जोडत गेला. त्या गोंधळाला आवर घालण्यासाठी २०१४ मध्ये कॉमनमार्कचे काटेकोर नियम आले, पण तक्ते त्यातही नाहीत. जोडलेल्या चौकटींचा, रकान्याखाली उपरकाने असलेला दरपत्रकाचा तक्ता मार्कडाउनमध्ये करू नये. तो स्प्रेडशीटमध्ये ठेवावा आणि परिशिष्ट म्हणून लावावा. अॅस्कीडॉकमध्ये चौकटी जोडता येतात, पण तिथेही तक्ता मोठा झाला की मजकूर वाचवत नाही. एका पानाची सूचना, आमंत्रण, माहितीपत्रक, जिथे रूप हाच अर्धा आशय असतो, तिथे मी सरळ वर्ड उघडते.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शीर्षकाची खूण आणि तारा सरळ उमटत नाहीत, त्या जागी ‘्र’ आणि ‘श्र’ बसलेले आहेत. म्हणजे शीर्षकासाठी घटकाभर कळफलक बदलावा लागतो. मी शीर्षके आणि ठळक अक्षरे शेवटी एकत्र घालते, लिहिताना थांबत नाही. यादीतले मराठी अंक मार्कडाउनला क्रमांक वाटत नाहीत. कॉमनमार्कच्या नियमांत क्रमांकित यादी फक्त इंग्रजी अंकांनी सुरू होते, ‘१.’ लिहिले तर तो साधा परिच्छेद ठरतो आणि सगळे मुद्दे एकात मिसळतात. म्हणून यादीत इंग्रजी अंकच लिहावेत. पॅनडॉक पीडीएफसाठी लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचे जे इंजिन आपणहून वापरते त्याला देवनागरी झेपत नाही. त्याऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक सांगावे लागते आणि देवनागरीचा फॉन्ट नावानिशी द्यावा लागतो. एकदा करून ठेवले की विसरता येते, पण पहिल्या दिवशी कुणी सांगायला नसेल तर माणूस इथेच सोडून देतो. मला याचे फार वाईट वाटते. कारण जोडाक्षरे आणि काने-मात्रे यांचा मजकूर या फाइलींत पूर्ण सुरक्षित असतो, अडते ते फक्त शेवटच्या पायरीवर.

उरला प्रश्न सहकाऱ्यांचा. माझ्या मते कुणावरही ही पद्धत लादू नये. आमचे कायदा सल्लागार वर्ड सोडणार नाहीत, आणि त्यांनी का सोडावे? त्यांची सगळी नजर त्या समासातल्या शेऱ्यांवर तयार झालेली आहे. मी त्यांना वर्डची फाइल पाठवते, ते ट्रॅक चेंजेस लावून दुरुस्त करतात, आणि परत आल्यावर पॅनडॉकला सांगितले तर ते बदल, खोडलेले, घातलेले आणि शेरेसुद्धा, मजकुरात खुणांसकट उतरतात. त्यातले एकेक मी मूळ मसुद्यात नेते. हे थोडे कष्टाचे आहे, पण प्रत्येक बदल माझ्या हाताखालून जातो आणि मला ते हवेच असते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. नव्या मसुद्यात मागच्यापेक्षा नेमके काय बदलले त्याची यादी मिळेल का, म्हणजे सगळा करार पुन्हा वाचावा लागणार नाही. डिफच्या आधारे ती काढायला मला मिनिटभर लागते. आता मसुदा पाठवताना ती यादी मी न मागता जोडते, आणि ते आधी तीच उघडतात.